आडवी केली की पळणारी करवत

चंद्रकांताला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. शिरगावच्या शाळेत सातवीपर्यंत बाई तिला वैतागल्या, घरी आई वैतागली आणि लग्नानंतर ते काम सासूकडे गेलं. ओहोटीचं पाणी जातं तरी कुठं, असं तिनं एकदा सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली, "जातं तिकडं जाऊं दे. तू बोंबील उलटव."

आज चंद्रकांता चौपन्न वर्षांची आहे. सासू केव्हाच गेली. बोंबील मात्र अजून बांबूच्या वलांड्यांवर तिच्याच हातानं टांगले जातात, आणि पावसाळ्याआधीचे दोन महिने ती सुकं घेऊन मनोरच्या बाजारात बसते. डोंगरातली माणसं चार महिन्यांचा जवळा नि बोंबील तेव्हाच भरून ठेवतात. असंच एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे जिवल्या. गेल्या एप्रिलात त्यानं तिच्या पाटीशेजारी एक जड गोणपाट टेकवलं आणि विचारलं, "मावशी, तुमचा माणूस इंजिनवाला हाय ना?"

गोणपाटात झाडं कापायची मशीन होती. नारिंगी रंग उडालेला, मागच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली.

जिवल्या चाळिशीचा वारली, मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. शेतातलं भात घरात आलं की तो झाडं तोडायच्या कामाला किनाऱ्याकडे उतरायचा. वठलेले माड, कललेले सुरू, घरावर आलेल्या आंब्याच्या फांद्या. कुऱ्हाडीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हल्ली वाडीवाले आधी विचारायचे, "मशीन हाय का?" म्हणून त्यानं बोईसरच्या भंगारवाल्यांकडून ही जुनी कटर उचलली होती.

"काय होतं हिला?" चंद्रकांतानं विचारलं.

"चालू होते. कापते पन झकास. पन रेस सोडली का मरते. मंग तो स्लोचा स्क्रू जरासा पिळला का थांबतच नाय, चेन आपली फिरतेच. मधला काय नाय तिला."

मधलं काही नाही. परतीच्या एसटीत गोणपाट पायांत धरून बसलेली चंद्रकांता तेच घोळवत राहिली. एक तर मरायचं, नाहीतर धावायचं. नुसतं उभं राहता येत नाही, अशी ही कसली मशीन?

तिचा नवरा कमलाकांत तीस वर्षं बोटीवर इंजिन सांभाळायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं समुद्र सोडला. गुडघे दुखतात, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून तो ओट्यावर बसून गावातले पाण्याचे पंप, गवत कापायची मशीन, कुणाची स्कूटर असं काहीबाही दुरुस्त करायचा, आणि हात चांगला होता त्याचा.

गुडघे खरंच दुखत होते. पण चंद्रकांताला दुसरंही एक माहीत होतं. कुकरची शिट्टी झाली तरी तो मान वर करत नसे. "चहा घेता?" म्हटलं की "कोन आला?" म्हणायचा. समोरच्याचे ओठ दिसले नाहीत तर "हां, हां" म्हणून वेळ मारून न्यायचा. डिझेल इंजिनाच्या शेजारी तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानांचं काय होणार, हे कळायला काही डॉक्टर लागत नाही. पण तो बोलला नाही म्हणून तीही बोलली नाही. फक्त चहा विचारायला त्याच्या समोर येऊन उभी राहू लागली.

कमलाकांतनं मशीन ओट्यावर घेतली आणि दीड दिवस तिच्यात रमला. हवेच्या फिल्टरमध्ये भुसा ठासून बसला होता, तो झटकून धुतला. टाकीतल्या शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत होता. ते ओतून टाकलं आणि टू-टी ऑइल मोजून घालून नवं भरलं. वाकवलेल्या तारेनं टाकीतला छोटा फिल्टर बाहेर ओढला, तो काळा पडलेला, बदलला. प्लग घासला. कार्बोरेटर खोलून त्यातला पातळ पडदा उजेडाकडे धरून पाहिला, भोकांत फुंकर मारली, सगळं परत बसवलं. चंद्रकांता बाजूला जवळा निवडत होती, आणि दर दहा मिनिटांनी तिचं "हे कशाला?" चालू होतं. सांगायला त्यालाही आवडायचं.

"ह्यातून पेट्रोल येतं, तिथून हवा येते. दोगांचा मेळ बसला का मशीन शांत उभी ऱ्हाते."

"आनि हवा जास्ती आली तर?"

"तर तापते नि पळते."

मग त्यानं दोरी ओढली. मशीन पेटली. डाव्या हाताचा तळवा तिच्या अंगावर दाबून, डोळे मिटून त्यानं स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवला. बोटीवरही तो असाच इंजिनावर हात ठेवून बसायचा. थोड्या वेळानं म्हणाला, "बसली."

चंद्रकांताचे हात थांबले होते. त्या फटफट आवाजाच्या खाली तिला काहीतरी ऐकू येत होतं, दातांतून हवा ओढल्यासारखं, बारीक. आणि ताल सारखा नव्हता. चालता चालता अडखळावं तसं मध्येच एक ठोका चुकायचा.

ती त्याच्या समोर जाऊन म्हणाली, "नाय बसली. कुठनंतरी शीळ वाजतेय."

"कसली शीळ? काय नाय वाजत. हाताला बघ किती सारखी लागते."

"मना ऐकू येतं."

"तुला इंजिनातलं काय कळतं?" असं म्हणून त्यानं मशीन बंद केली आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला. चंद्रकांता जवळ्याकडे वळली. तिला राग आला नाही असं नाही. पण रागापेक्षा जास्त तिला ती शीळ छळत राहिली.

जिवल्याला शिरगावातच एका वाडीत सुरूची सात झाडं पाडायचं काम मिळालं होतं. तो मशीन घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परत आला. मांडीवर पँट वीतभर फाटलेली, खाली कातडीवर लाल रेघ.

"काका, झाड पाडलं तवर नीट होती," तो म्हणाला. "मंग बुंधा जमिनीसरशी कापायला आडवी धरली. रेस सोडली, तरी थांबेना. उलट वाढली. मी मागं झालो म्हनून बरं." त्यानं मशीन ओट्यावर ठेवली. आवाजात तक्रार नव्हती, आणि कमलाकांतला तेच जास्त लागलं. तो फाटलेल्या पँटकडे पाहत राहिला.

चंद्रकांता हळद घेऊन बाहेर आली, ती जिवल्याच्या हातात देऊन तिथंच उकिडवी बसली. "आडवी केली म्हंजे कुठल्या कुशीवर?"

जिवल्यानं हातवारे करून दाखवलं. चेनची बाजू खाली.

"आनि दुसऱ्या कुशीवर?"

"तशी नाय धरली कंदी."

"सरळ उभी असताना?"

"सरळ असताना निसती जराशी अडखळते."

ती कमलाकांतकडे वळली, पुन्हा त्याच्या समोर. "अवो, मशीनला काय ठाऊक ती आडवी हाय का उभी? आत काय हालतं?"

कमलाकांतच्या कपाळावरची आठी बदलली, रागाची होती ती विचाराची झाली. "आत दांडा हाय," तो सावकाश म्हणाला. "मधला फिरता दांडा. बेरिंग झिजलं असंल तर आडवी केल्यावर तो केसभर सरकंल. दोनी टोकांना रबरी सील असतात, हवा आत येऊं नये म्हनून." मग तिच्याकडे नीट पाहून म्हणाला, "शीळ वाजते म्हनत होतीस ना तू? कुठनं?"

"ते ऐकूनच सांगावं लागंल."

तिनं आयुष्यात फार ऐकलं होतं. बायका बोटीवर जात नाहीत. नारळी पौर्णिमेला पूजेपुरत्या चढतात तेवढंच. पण लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाच, भरतीबरोबर परत येणाऱ्या वीसेक बोटींतून आपल्या नवऱ्याची कुठली हे ती किनाऱ्यावरून डोळे मिटून सांगायची. ते तर सगळ्याच बायका सांगायच्या. चंद्रकांता पुढचंही सांगायची. आज तिसरा ठोका जड पडतोय, म्हणजे काहीतरी बिघडलंय. एका पौर्णिमेला कमलाकांतनं तिला गंमत म्हणून इंजिनाच्या खोलीत नेलं होतं, लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला लावून मूठ तिच्या कानाशी धरली होती. आतलं सगळं खणखणून कानात आलं तेव्हा ती दचकून मागे सरली होती, आणि मग "परत लावा" म्हणून हटून बसली होती.

कमलाकांतनं चेन आणि तिची लांब पट्टी काढून बाजूला ठेवली, म्हणजे कापायला काही उरलं नाही. जिवल्यानं मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरली. चंद्रकांतानं पेट्रोलची जुनी प्लास्टिकची नळी धुऊन पुसून एक टोक स्वतःच्या कानाशी धरलं. खुणाही ठरल्या. तळवा वर म्हणजे मशीन पळते, तळवा खाली म्हणजे मंदावते, मूठ म्हणजे तशीच आहे. कमलाकांतची नजर मशीनवर कमी आणि तिच्या हातावर जास्त होती.

सरळ. मूठ.

स्टार्टरच्या, म्हणजे दोरीच्या, कुशीवर. मूठ.

चेनच्या कुशीवर. तिचा तळवा वर गेला, आणि वरच राहिला.

मग ती नळीचं दुसरं टोक मशीनच्या अंगाजवळून फिरवू लागली. तिला वाटत होतं, गळती कार्बोरेटरच्या मागच्या जाड रबरात असणार. दिसायलाच ते म्हातारं, भेगाळलेलं होतं. तिथं नळी धरली तर नुसती फडफड. "नाय ओ, हितं नाय," ती जरा निराश होऊन म्हणाली. पुढे सायलेन्सर, तिथं नळीत गरम वारा. स्टार्टरची बाजू शांत. चेनच्या बाजूला, फिरणाऱ्या क्लचपासून चार बोटं दूर नळी आली आणि ती एकदम ताठ झाली. दातांतून ओढलेली हवा, स्पष्ट.

"हितं! ह्याच्या मागं!"

कमलाकांतनं मशीन बंद केली. नळी घेऊन स्वतःच्या कानाला लावली, मग मशीन बंद आहे हे लक्षात येऊन हसला, आणि नळी खाली ठेवली. परत चालू करून ऐकायला त्यानं मागितलं नाही.

खात्री करायची त्याची रीत वेगळी होती. प्लगच्या भोकातून जाळ्याची दोरी आत सरकवली, म्हणजे पिस्टन अडून दांडा फिरत नाही, आणि क्लच उलट्या आट्यांचा म्हणून उलटा फिरवून काढला. दोरी बाहेर ओढून पिस्टन खाली नेला. सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं बंद केली. एका जुन्या प्लगची मधली चिनीमाती फोडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, तो प्लगच्या जागी आवळला आणि सायकलचा पंप जोडला.

"आता साबनाचं पानी आन."

जिवल्यानं पंप दोनदाच हळू दाबला. चंद्रकांतानं भेगाळलेल्या रबरावर पाणी सोडलं, काही नाही. मग दांड्याभोवतीच्या काळ्या सीलवर. मोहरीएवढा एक बुडबुडा आला. त्याच्या शेजारी दुसरा. मग खेकडा फेस काढतो तसा सीलच्या एका बाजूनं फेस येऊ लागला.

तिघंही वाकून बघत होते. "एवढीशी हवा?" जिवल्या म्हणाला. "एवढ्याशा हवेनं माजा पाय जानार होता?"

सील बोईसरलाच मिळणार होतं. टाकीचं झाकणही जुनाट दिसत होतं, एक नवं जवळ असावं असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकांत निघाला, तेव्हा चंद्रकांताही पदर खोचून निघाली. "तू कशाला?" तो म्हणाला. "मना बघायचंय," ती म्हणाली, आणि ते खरंही होतं.

स्टेशनाजवळच्या त्या दुकानात खालपासून वरपर्यंत मशीनचे सुटे भाग टांगलेले होते. शेजारी कुणीतरी ग्राइंडर लावून लोखंड कापत होता, रस्त्यावरून कंपनीच्या बसगाड्या भोंगे वाजवत जात होत्या. कमलाकांतनं फडक्यातून जुनं सील काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते बोटांत फिरवलं आणि मागच्या फळीकडे तोंड करून विचारलं, "क्लच साइड का चाहिए कि मॅग्नेट साइड का?"

"हां, हां," कमलाकांत म्हणाला.

"अरे चाचा, कौन सा?"

"हां. वही."

दुकानदार वळला, जरा वैतागून. "दोनों का नाप अलग है चाचा, बाद में बदली नहीं होगा." कमलाकांतनं पुन्हा मान हलवली. दोन गिऱ्हाइकं हसली. चंद्रकांतानं नवऱ्याचा चेहरा पाहिला. समुद्रात धुकं आल्यावर माणूस डोळे ताणून बघतो, तसा तो दुकानदाराच्या ओठांकडे बघत होता.

"भैया," ती पुढे होऊन म्हणाली, "इनको कम सुनाई देता है. मुझे बोलो. क्लच का चाहिए. और टाकी का झाकन भी दिखाओ, इसका."

दुकानदार ओशाळला. "बोलना था ना माताजी," म्हणत त्यानं सील काढलं, जुन्यावर ठेवून माप जुळवून दाखवलं, आणि कमलाकांतच्या समोर येऊन मोठ्यानं, सावकाश सांगितलं की बसवताना दांड्याला ग्रीस लावा, नाहीतर सीलचा ओठ फाटतो. कमलाकांतनं तेवढं नीट ऐकलं.

परतताना पालघरपर्यंत तो सीलची पुडी हातात फिरवत राहिला. शिरगावच्या एसटीत दोघांना बसायला जागा मिळाली. गाडी हलल्यावर खिडकीबाहेर बघतच त्यानं विचारलं, "कधीपास्नं ठाऊक हाय तुला?"

तिनं त्याच्या दंडाला हात लावून त्याला वळवलं. "तुमी बोट सोडली त्याच्या आदल्या वर्षापास्नं. मागून दुसऱ्या बोटीनं भोंगा मारला नि तुमाला कळला नाय. तुमच्या बोटीवरचा बन्सी सांगत होता."

"बन्सीनं सांगितला होय?" तो म्हणाला. "मी म्हनत होतो, कुनालाच ठाऊक नाय."

"मना एक सांगा," ती म्हणाली. हे तिला किती दिवस विचारायचं होतं. "तुमाला नक्की ऐकू काय येतं?"

त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तो विचार करू लागला. "जाडं येतं. ट्रक, लाट. बारीक येत नाय. बाईमानूस बोलतं ते येतं, पन शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या. चहा नि दहा एकच." आणि मग म्हणाला, "मशीनचं मी हातानं ऐकतो."

गाडीचा पत्रा थरथरत होता. तिनं समोरच्या सीटच्या दांडीवर तळवा ठेवला आणि गिअर बदलताना काय बदलतं ते बघत राहिली.

सील बसवायला फार वेळ लागला नाही. दांड्याला ग्रीस लावलं, सीलच्या मापाची लोखंडी नळी वर ठेवून हळू ठोकत ते सरळ आत बसवलं. साबणाचं पाणी, पंप, बुडबुडा नाही. क्लच, पट्टी, चेन सगळं जागेवर आलं. या वेळी कमलाकांतनं पेचकस हातात घेतला आणि चंद्रकांता समोर बसली. पेट्रोलचा स्क्रू तो थोडा थोडा फिरवत होता, ती हातानं सांगत होती. आवाज चढत चढत एका जागी पोचला, पुढे घसरायला लागला, तेव्हा तिनं मूठ केली आणि बोटानं दाखवलं, जरा मागे. मग स्लोचा स्क्रू. चेन फिरता फिरता मंदावली आणि थांबली, मशीन मात्र चालू राहिली. जिवल्यानं ती आडवी केली, या कुशीवर, त्या कुशीवर. फटफट तशीच.

"ह्याला म्हनत्यात मधला," जिवल्या म्हणाला.

दहा मिनिटांनी मशीन आपोआप मेली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. परत चालू केली. दहा मिनिटं नीट, मग परत मेली. जिवल्यानं कपाळावर हात मारला. पण चंद्रकांता आता चेवात होती. टाकीत पेट्रोल आहे का बघायला तिनं झाकण फिरवलं, आणि सुस्कारा सोडल्यासारखी आत हवा गेली.

"अवो, ही टाकी श्वास घेते!"

"काय?"

ती त्याच्या समोर आली. "टाकीनं हवा ओढली आत. झाकन काडल्यावर."

कमलाकांतनं झाकण उलटं केलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी हवा आत यायला त्यात सुईएवढं भोक असतं. ते मातीनं लिंपल्यासारखं गच्च बंद होतं. भंगारात पडली असताना कुंभारीण माशीनं घर केलं असावं, असं त्यानं अनुमान काढलं. सुईनं टोकरल्यावर खरंच लालसर माती निघाली. बोईसरहून आणलेलं नवं झाकण लागलंच नाही. त्यानंतर मशीन अर्धा तास चालू राहिली, आणि शेवटी त्यांनीच बंद केली.

जिवल्यानं उरलेली सुरूची झाडं चार दिवसांत पाडली. जाताना तो एका बुंध्याची गोल, जाड चकती घेऊन आला, चंद्रकांताला मासळी कापायला. कमलाकांत त्याला म्हणाला, "जाड पँट घाल. नि चेनच्या पुढं पाय ठेवूं नको, मशीन कितीबी शानी असली तरी."

मे महिन्यात चंद्रकांता कमलाकांतला पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तो सहज तयार झाला असं नाही. तीन वेळा गुडघे आडवे आले. एका बंद खोलीत त्याला बसवून कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर तपासणी करणाऱ्या दिशा नावाच्या मुलीनं कागद समोर ठेवला. त्यावर दोन रेघा होत्या. डावीकडून जवळजवळ सपाट आलेल्या, आणि मध्ये कुठंतरी एकदम खाली कोसळलेल्या.

समजावून सांगायला तिनं तोंड उघडलं, पण कमलाकांतनं आधीच कागद ओढून घेतला होता. बोटीवर पाण्याची खोली दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्यासमोर त्यानं कित्येक वर्षं काढली होती. त्यानं रेघेवर बोट ठेवलं. "हितवर उथळ. नि हितनं सुटला खोल."

"अगदी बरोबर, काका," दिशा म्हणाली. "कागदाच्या उजवीकडे बारीक आवाज. तिथं तुम्हाला मशीनची मदत लागेल."

"अजून एक मशीन," कमलाकांत पुटपुटला. पण हसला. पावसाळा सुरू व्हायच्या आत ती घ्यायची असं ठरलं.

चंद्रकांतानं कागद आपल्याकडे फिरवला होता. "पोरी, मी बोलते ते ह्यात कुठं येतं?" दिशानं पेन्सिलीनं एक लांबट गोल काढून दाखवला, अर्धा रेघेच्या वर, अर्धा खाली. "आनि चहातला च?" दिशानं गोलाच्या उजव्या टोकाला टिंब दिलं. "आनि ओहोटीच्या लाटंचा? नि तुमच्या ह्या पंख्याचा?"

बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. कमलाकांत उठून उभा राहिला. "चल आता, गाडी जाईल."

"थांबा ओ," ती कागदावरून मान वर न करता म्हणाली, मग आठवण होऊन वर बघून पुन्हा म्हणाली, "थांबा जरा. इचारूं दे मना."